थाळनेर, असीरगड आणि ब्रसेल्स

इसवी सन 1437. खानदेशचा सुलतान नसीर खान फारुकी लळिंगच्या किल्ल्यात कोंडला गेला होता. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर लागतो तोच हा किल्ला. बहमनी सरदार खलफ हसन याने आधी त्याला रोहिणखेडला हरवले, मग बऱ्हाणपूर लुटून जाळले आणि पाठलाग करत तो लळिंगच्या पायथ्याशी आला. भांडणाचे मूळ घरगुती होते. नसीर खानाची लेक बहमनी घराण्यात दिलेली. जावई सुलतान झाला आणि दुसऱ्या राणीच्या नादी लागला. लेकीने माहेरी गाऱ्हाणे घातले आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात शिरला. गुजरातचा सुलतान आपल्या पाठीशी आहे, या भरवशावर. गुजरातची फौज नंदुरबारच्या बाजूने निघालीही. ती जवळ आल्याचे कळताच खलफ हसनने काढता पाय घेतला. पण इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे तोवर नसीर खान मरण पावला होता. राज्य वाचले, राजा वाचला नाही.

फारुकींची आठवण आज खानदेशातही फारशी कोणाला नाही. शिवकाल आणि पेशवाईपुढे त्यांना कोण विचारतो! पण 1382 ते 1601, दोनशेहून अधिक वर्षे, तापीकाठचे हे लहानसे राज्य चार दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये टिकून राहिले. कसे टिकले आणि शेवटी कशामुळे बुडाले, हे आज नव्याने वाचण्याजोगे आहे, कारण तोच प्रश्न घेऊन ब्रसेल्समध्ये नाटोच्या मुख्यालयात बैठकांवर बैठका चालू आहेत. आपल्या रक्षणाचा भार मित्राच्या खांद्यावर किती टाकायचा? आणि त्याने खांदा काढून घेतला तर?

आधी खानदेश नकाशावर पाहू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी. पश्चिमेला गुजरात, सातपुड्यापलीकडे माळवा, पूर्वेला वऱ्हाड, खाली बहमनी आणि नंतर निजामशाही. उत्तरेतून दख्खनेत उतरायची मुख्य वाट असीरगडाखालून जाते. अशा जागी राज्य थाटणे म्हणजे वाहत्या रस्त्यावर घर बांधणे. फिरोजशहा तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली, दिल्ली दुबळी होताच त्याने 1382 मध्ये स्वतःचे राज्य मांडले, आणि लगेच नंदुरबार-सुलतानपूरवर हात टाकून पाहिला. गुजरातचा मुझफ्फर थेट थाळनेरवर चालून आला. मलिक राजाने तह केला. नसीर खान हा त्याचाच मुलगा. त्याने 1417 मध्ये माळव्याच्या मदतीने भावाकडून थाळनेर घेतले आणि वडिलांचाच उद्योग पुन्हा करून पाहिला. या वेळी गुजरातच्या अहमदशहाने त्याला शरण आणले आणि वर ‘खान’ हा किताबही दिला. किताब देणारा मोठा आणि घेणारा धाकटा, हे त्यात आपोआप ठरून गेले.

पुढची दीडशे वर्षे हीच व्यवस्था चालली. खानदेशने खंडणी द्यायची, गुजरातने संकटात धावून यायचे. व्यवहार वाईट नव्हता. एवढ्याशा राज्याला माळवा आणि बहमनी या दोघांशी एकट्याने लढता येईल एवढी फौज पोसणे परवडलेच नसते. किंमत मात्र खंडणीपुरती नव्हती. ती कुठे वसूल झाली, ते 1509 मध्ये थाळनेरला दिसले. गादी रिकामी झाली होती. एका दावेदाराच्या मागे अहमदनगरचा निजामशहा उभा राहिला. गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या मुलीच्या मुलाचे नाव पुढे केले, फौज घेऊन तापीवर आला आणि थाळनेरला त्याला आदिल खान म्हणून गादीवर बसवून गेला. खानदेशवर कोण राज्य करणार हे खानदेशने ठरवलेच नाही. शिरपूर तालुक्यातल्या त्या थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत. वाट वाकडी करून पाहाव्यात अशा आहेत, पण जाणारे थोडे.

1509 च्या आधी यातून सुटायचा प्रयत्न कोणीच केला नव्हता असे नाही. नसीर खानाचा वंशज दुसरा आदिल खान याने 1457 ते 1501 एवढी मोठी कारकीर्द केली, असीरगडाची तटबंदी वाढवली, पूर्वेकडे गोंडवनापर्यंत हात पोचवले, स्वतःला झारखंडचा शहा म्हणवून घेतले आणि गुजरातची खंडणी बंद केली. बेगडा 1498 मध्ये फौजेसह दारात आला, तेव्हा थकबाकीसकट ती भरावी लागली.

आता युरोपकडे जाऊ. नाटोचा करार 4 एप्रिल 1949 रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला, तेव्हा सदस्य 12 होते, आज 32 आहेत. त्याचे पहिले सरचिटणीस लॉर्ड इस्मे नैनितालला जन्मलेले आणि 1947 मध्ये माउंटबॅटनचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून दिल्लीत असलेले गृहस्थ. साम्राज्याचा पसारा आवरून ते मित्रांची आघाडी उभी करायला गेले. कराराचे पाचवे कलम सांगते की एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. गंमत अशी, की युरोपच्या रक्षणासाठी लिहिलेले हे कलम आजवर एकदाच लागू झाले, तेही 2001 साली, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या बाजूने.

या छत्राखाली युरोपने काय केले? सोव्हिएत संघ गेला तसे सैन्य कमी केले आणि पैसा इतर कामांना लावला. शीतयुद्धात पाच लाखांच्या घरात असलेले पश्चिम जर्मनीचे सैन्य एकत्रीकरणानंतर घटत घटत पावणेदोन-दोन लाखांवर आले आणि 2011 मध्ये सक्तीची लष्करी सेवाही थांबली. त्याच वर्षी लिबियावर हवाई हल्ले करताना युरोपीय देशांचे अचूक माऱ्याचे बॉम्ब काही आठवड्यांतच संपत आले आणि अमेरिकेच्या कोठाराकडे पाहण्याची वेळ आली. नॉर्वेत 2014 मध्ये झालेल्या नाटोच्या एका सरावात तर जर्मन तुकडीच्या चिलखती गाडीला मशिनगनच नव्हती. जवानांनी झाडूच्या दांड्याला काळा रंग फासून तो नळीच्या जागी बसवला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचे हे सैन्य. बातमी पुढच्या वर्षी फुटली तेव्हा जर्मन संरक्षण खात्याला खुलासे करता करता नाकी नऊ आले.

राष्ट्रीय उत्पन्नाचे 2 टक्के संरक्षणावर खर्चायचे, असे 2014 च्या वेल्स परिषदेत ठरले, तेव्हा तेवढा खर्च करणारे देश होते तीन: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर मात्र तहान लागल्यावर विहीर खणायची धावपळ सुरू झाली. जर्मनीने 100 अब्ज युरोंचा खास निधी काढला. फिनलंड आणि स्वीडन ही पिढ्यान्‌पिढ्या तटस्थ राहिलेली राष्ट्रे 2023 आणि 2024 मध्ये नाटोत आली. आणि जून 2025 मध्ये हेगच्या परिषदेत 2035 पर्यंत 5 टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले, त्यात साडेतीन टक्के थेट सैन्यासाठी आणि दीड टक्का पूल, रस्ते, सायबरसुरक्षा अशा पूरक कामांसाठी.

पैशाचे आकडे जाहीर करायला एक दुपार पुरते. तोफगोळ्याचे तसे नाही. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचा शब्द दिला आणि वर्ष संपले तेव्हा साधारण निम्मेच पोचले होते. पैसा होता, इच्छा होती, मग अडले कुठे? हे समजायला खानदेशच्या वाचकाला फार लांब जायला नको.

155 मिलिमीटरचा तोफगोळा म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोचे पोलादी कवच आणि त्यात ठासलेले स्फोटक. तो वीस-तीस किलोमीटर दूर फेकायला मागे वेगळी दारू लागते, आणि ती दारू बनते कापसापासून. कपाशी जिनात गेली की रुई वेगळी होते आणि सरकी उरते. त्या सरकीवर आखूड तंतूंची बारीक लव चिकटून असते. तेलघाणीत जाण्याआधी यंत्राने ही लव काढतात, तिला लिंटर म्हणतात. हे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की त्याचे नायट्रोसेल्युलोज होते, म्हणजेच बिनधुराच्या दारूचा पाया. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शोनबाइनने 1846 मध्ये हा शोध लावला, आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही रायफलच्या काडतुसापासून तोफेपर्यंत सगळीकडे तीच मात्रा चालते. युरोपात कापूस नगण्य पिकतो. युरोपला लागणारे लिंटर मोठ्या प्रमाणात येते चीनमधून. म्हणजे रशियाच्या भीतीने भरायच्या कोठारासाठी हात पसरायचा तो रशियाच्या मित्रापुढे. अमेरिकेची सावली पुरेशी आहे असे मानून बसलेल्या खंडाला सरकीवरची लव कुठून येते, हे विचारायची कधी गरजच पडली नव्हती.

दुसरी अडचण कारखान्यांची. शांततेच्या काळात सैन्य गोळे फोडत नाही, म्हणून मागणी नसते. मागणी नाही म्हणून यंत्रे बंद राहतात, जाणते कामगार निवृत्त होतात, नवे कोणी शिकत नाही. युद्धापूर्वी खुद्द अमेरिका महिन्याला सुमारे 14,000 गोळे बनवत होती. युक्रेनच्या आघाडीवर तेवढे काही दिवसांत उडत. युरोपात त्यात आणखी एक भर: देश तितक्या तऱ्हा. अमेरिकेचा मुख्य रणगाडा एक, युरोपात डझनाहून अधिक प्रकार. 155 चा गोळासुद्धा एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या तोफेत निर्धास्तपणे चालेलच असे नाही. हवेत इंधन भरणारी विमाने, अवजड वाहतूक, टेहळणीचे उपग्रह, क्षेपणास्त्र रोखणारी पॅट्रियट यंत्रणा यांसाठी भिस्त अमेरिकेवरच. अण्वस्त्रे आहेत ती फक्त ब्रिटन आणि फ्रान्सकडे.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे तर ओंजळ कधी आवळायची हे तोच ठरवणार. सुएझवर ब्रिटन आणि फ्रान्स 1956 मध्ये चालून गेले, तेव्हा अमेरिकेने पौंडाच्या मानेवर पाय देऊन त्यांना माघारी फिरवले. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने युक्रेनची शस्त्रमदत आणि गुप्त माहिती जवळजवळ आठवडाभर थांबवली, आणि युरोपच्या राजधान्यांची झोप उडाली. 1509 चे थाळनेर आणि हे प्रसंग यांत मला फार अंतर दिसत नाही. मित्र दगा देतो असे नव्हे. मित्राची फौज मित्राच्या सोयीने येते आणि तिची किंमत आपल्या निर्णयांतून वळती होते, एवढेच.

एका बाबतीत मात्र ही तुलना मोडते, आणि ते मान्य केले पाहिजे. खानदेश गरीब आणि लहान होता, त्याला पर्याय नव्हता. युरोपीय संघाची अर्थव्यवस्था रशियाच्या आठ-नऊपट आहे, लोकसंख्या तिपटीहून अधिक. त्याचे परावलंबन नशिबाने आलेले नाही, सोयीचे म्हणून पत्करलेले आहे.

शेजारी एकत्र आले तर काय होते, याचाही दाखला खानदेशात आहे. अकबराचा सरदार पीर मुहंमद 1562 मध्ये माळव्याच्या बाजबहादुराचा पाठलाग करत बऱ्हाणपुरात घुसला आणि त्याने भीषण कत्तल केली. तेव्हा खानदेशचा मुबारकशहा, वऱ्हाडचा तुफाल खान आणि परागंदा बाजबहादूर, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तिघे, एक झाले. लुटीने जड झालेली मोगल फौज त्यांनी मोडली आणि पळता पळता पीर मुहंमद नर्मदेत बुडाला. पण ही एकी तेवढ्यापुरतीच. दोनच वर्षांनी अकबर स्वतः मांडवला आला आणि मुबारकशहाने मुलगी देऊन त्याला आपलेसे केले.

खरा घाव 1573 चा. अकबराने गुजरातच जिंकून घेतले. दीडशे वर्षांचा पाठीराखा गेला, करार मोडून नव्हे, स्वतःच नाहीसा होऊन. खानदेशचा तेव्हाचा सुलतान राजा अली खान याने ओळखले की आता नवा मित्र हवा, आणि त्याने मोगलांची बाजू धरली. गोदावरीकाठी आष्टी-सोनपेठच्या लढाईत फेब्रुवारी 1597 मध्ये तो मोगलांच्या बाजूने विजापूरकरांशी लढत होता. लढाईच्या धुमश्चक्रीत तो दिसेनासा झाला. मोगलांना वाटले, दख्खनचा माणूस शेवटी दख्खनला जाऊन मिळाला. त्यांनी त्याची छावणी लुटली. नंतर त्याचे प्रेत सापडले, त्यांच्याच बाजूने लढताना पडलेले. धाकट्या मित्रावर थोरल्याचा विश्वास किती असतो, हे त्या लुटलेल्या छावणीपेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेले नाही.

त्याचा मुलगा बहादूर याने मोगलांकडे पाठ फिरवली आणि असीरगडाचे दरवाजे लावून घेतले. साठा म्हणाल तर गडावर धान्य, तेल, दारू, तोफा यांची ददात नव्हती. तोफखान्यावर पोर्तुगीज गोलंदाजही होते. अकबर एप्रिल 1600 मध्ये बऱ्हाणपूरला पोचला आणि 17 जानेवारी 1601 रोजी गड पडला. अबुल फजल गडावरच्या रोगराईला दोष देतो. जेझुइट पाद्री सांगतात, की बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावून अडकवले आणि वरच्या सरदारांमध्ये सोने वाटले. यात कोण खरे, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे, की भिंती आणि कोठारे भक्कम असूनही बाहेरून सोडवायला येणारे कोणी उरले नव्हते, आणि हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नुसता मित्र पुरत नाही हे लळिंगने शिकवले. नुसता साठाही पुरत नाही, हे असीरगडाने. खानदेशचे नावही काही काळ अकबराचा मुलगा शहजादा दानियाल याच्यावरून ‘दानदेश’ झाले.

दोनशे वर्षांनी हाच धडा पुण्याने गिरवला. वसईच्या तहाने 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीचे 6,000 पायदळ कायमचे पदरी घेतले, त्याच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध वा तह न करण्याचे कबूल केले. सोळा वर्षांत पेशवाई संपली. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांकडचा सातपुड्याखालचा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि तो ताब्यात घेताना फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपने थाळनेरच्या किल्लेदाराला, तुळशीरामला, फाशी दिले आणि शिबंदी कापून काढली.

स्वतंत्र भारताने हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडला, पण चटका बसल्यावरच. नोव्हेंबर 1962 मध्ये चिनी सैन्य आसामच्या तोंडाशी आले तेव्हा अलिप्ततेचे पुरस्कर्ते नेहरू केनेडींना पत्र लिहून लढाऊ विमानांची पथके मागत होते. दोन दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच धुमाळीत. पुढच्या संरक्षण योजनेच्या काळात, 1964 मध्ये, भुसावळच्या पूर्वेला वरणगावची आयुध निर्माणी सुरू झाली. रायफल आणि मशिनगनची काडतुसे बनवणारा हा कारखाना. भुसावळची निर्माणी त्याच्याही आधीची, 1949 ची. पिनाका रॉकेटचे पॉड तिथे बनतात. वरणगाव सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, 1965 च्या युद्धात, अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा तोडला. फटका बसला तो अमेरिकी रणगाडे आणि विमानांवर उभ्या असलेल्या पाकिस्तानला.

ऑक्टोबर 2021 पासून या निर्माण्या सरकारी खात्यातून काढून कंपन्यांकडे दिल्या आहेत, वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. कामगार संघटनांनी याला कडाडून विरोध केला होता. कंपनी झाली की ऑर्डर शोधावी लागते, आणि शांततेत ऑर्डर नसते तेव्हा काय होते ते युरोपने दाखवलेच आहे. शिवाय हे काम जिवावरचे. भंडाऱ्याच्या निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार दगावले.

आपणही निर्धास्त व्हावे अशी स्थिती नाही. सैन्याकडे 40 दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल एवढा दारूगोळा असावा, असा आपला नियम. कॅगने 2015 च्या अहवालात दाखवले, की मार्च 2013 मध्ये निम्म्या प्रकारांचा साठा 10 दिवसांचाही नव्हता. 2017 च्या अहवालात हे प्रमाण 40 टक्के होते. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्याला मिळाले आणि पोकळी बरीच भरली, असे सरकार सांगते. फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की वर्तमानपत्रे नव्या विमानांचे आणि पाणबुड्यांचे आकडे मोठ्या टायपात छापतात. त्या वेळी आपल्या खासदाराला एक साधा प्रश्न विचारा: साठा किती दिवसांचा आहे, आणि वरणगावला पुढच्या वर्षाची ऑर्डर किती?